घरखरेदीचा विचार : डोंगरवाटेची सायकल आणि मागची स्प्रिंग

अष्टमीहून एका कुटुंबप्रमुखांचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें अकरा. धाकट्या भावाचा मुलगा सतरा वर्षांचा, कॉलेजांत जाणारा. मोठ्या भावाची मुलगी वीस वर्षांची. दोघांनाही सुटीच्या दिवशीं कुंडलिकेच्या खोऱ्यांतील डोंगरवाटांनीं सायकलीवर हिंडण्याचा नाद लागला आहे. घरांतल्या साध्या सायकलीनें तें साधत नाहीं. म्हणून पुढें व मागें, दोन्हीकडे धक्के झेलणारी, जिला दुकानदार ‘फुल सस्पेन्शन माउंटन बाइक’ म्हणतात, ती घेऊन द्यावी असा मुलांचा आग्रह आहे. घरांतून सत्तर हजार रुपये बाजूला काढले आहेत. पुतण्यानें चौदा हजारांची एक सायकल पाहून ठेविली आहे आणि “तशाच दोन घेऊं, म्हणजे ताईलाही होईल व पैसेही उरतील,” असें त्याचें म्हणणें आहे. आजोबांचें म्हणणें असें कीं, सायकल ती सायकल. तिला चौदा हजार तरी कशाला? पत्रलेखक विचारतात : आम्ही काय करावें?

प्रश्न वरवर पाहतां चैनीचा दिसतो. पण दोन कोवळीं माणसें उतारावरून वेगानें खालीं येणार आहेत, म्हणून तो तसा नाहीं. आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. चौदा हजारांची दोन स्प्रिंगांची सायकल डोंगरासाठीं घेऊं नये. सत्तर हजारांत नवी आणि खरी फुल सस्पेन्शन सायकल बहुधा मिळत नाहीं. म्हणून एक तर पुढें चांगली स्प्रिंग आणि मागें ताठ सांगाडा असलेली नवी सायकल घ्यावी, किंवा दुसऱ्यानें वापरलेली खरी फुल सस्पेन्शन सायकल नीट पारखून घ्यावी. या दोहोंतलें कोणतें, हें तिची निगा घरांत कोण राखणार यावरून ठरवावें. आतां कारणें पाहूं.

स्प्रिंग म्हणजे काय, हें माजघरांतल्या झोपाळ्यावर बसणाऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं. झोपाळ्याला एक झोका दिला कीं तो आपण होऊन थांबत नाहीं. मागें-पुढें होतच राहतो. कोणी तरी जमिनीला पाय लावतो तेव्हां तो स्थिर होतो. सायकलीच्या स्प्रिंगचें तसेंच आहे. दगडावरून चाक गेलें कीं स्प्रिंग दबते आणि तितक्याच जोरानें उसळते. तिला ‘पाय लावणारें’ कांहीं नसेल तर ती बसणाऱ्यालाच वर फेकते. चांगल्या शॉकअब्सॉर्बरमध्यें स्प्रिंगबरोबर तेलाची एक नळी असते. दांडा आंतबाहेर होतांना तेल बारीक छिद्रांतून जातें आणि त्या अडथळ्यानें उसळी शांत होते. किंमत मोजावी लागते ती या तेलाच्या यंत्राची. तारेच्या वेटोळ्याची नव्हे. स्वस्त सायकलींत वेटोळें असतें, तेलाचें यंत्र बहुधा नसतें. दिसायला दोन्ही सारखींच, म्हणूनच फसगत होते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. मागची स्प्रिंग काम करावयाची तर सायकलीचा सांगाडा मध्यें तोडून त्याला बिजागरी बसवावी लागते. मागचें चाक त्या बिजागरीवर वरखालीं होतें. ही बिजागरी घट्ट, सरळ आणि बेअरिंगवर फिरणारी असली पाहिजे. नाहीं तर थोड्याच महिन्यांत ती सैल पडते व मागचें चाक वळणावर बाजूला डगमगूं लागतें. उतारावर वेगांत असतांना मागचें चाक डगमगणें किती घातक, हें सांगणें नको. जी सायकल चौदा हजारांत द्यावयाची, तिच्यांत दोन स्प्रिंगा, बिजागऱ्या, गिअर, ब्रेक, चाकें हें सर्व बसवून वर दुकानदाराचा नफाही काढावयाचा असतो. तेव्हां कारखानदार कोठें तरी हात आंखडणारच, आणि तो जेथें डोळ्याला दिसत नाहीं तेथें आंखडतो. शिवाय अशी सायकल अठरा ते वीस किलोंपर्यंत भरते. चढावर तें ओझें मुलांनाच ओढावें लागेल.

या खेळाचा जन्म कसा झाला तें पाहिलें म्हणजे पैसा प्रथम कोठें घालावा हें आपोआप कळतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत मरिन परगण्यांतील तरुण मंडळी जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून खालीं धांवूं लागली. १९७६ सालीं त्यांनीं एका उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांत असे. पायडल उलटें दाबलें कीं तो लागे. एका उताराच्या शेवटीं तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि घरीं गेल्यावर तुंबा उघडून नवें ग्रीस भरावें लागे. ग्रीस पुन्हां भरण्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हें नांव पडलें. म्हणजे डोंगरच्या सायकलीला प्रथम जी अडचण आली ती स्प्रिंगची नव्हती, ब्रेकची होती. पुढच्या स्प्रिंगचे चिमटे बाजारांत रुळले ते १९९० च्या सुमारास. मागच्या स्प्रिंगा त्यानंतर हळूहळू सुधारत गेल्या. फ्रान्सच्या ज्यूलियन अब्सालों यानें २००४ व २००८ च्या ऑलिंपिक स्पर्धांत डोंगरी सायकलीचें सुवर्णपदक मिळविलें, तें मागें स्प्रिंग नसलेल्या सायकलीवर. मागें स्प्रिंग नाहीं म्हणून सायकल हलकी मानण्याचें कारण नाहीं, एवढाच या इतिहासाचा अर्थ.

आतां अष्टमीच्या भोवतालची भूमि पाहूं. कारण सायकल घ्यावयाची ती वाटेसाठीं. कुंडलिकेच्या एका कांठावर रोहें व दुसऱ्या कांठावर अष्टमी. नदीकांठचा सखल भाग भातशेतीचा. भात कापलें गेलें कीं बांधांवरच्या व माळावरच्या वाटा मोकळ्या होतात. पिंगळसई-मेढ्याकडे गेलें कीं अवचितगडाचा पायथा लागतो. हा गड सुमारें ३०० मीटर उंच, भोंवतीं दाट झाडी. गडाची शेवटची चढण पायांची आहे, चाकांची नव्हे. तेथें सायकल नेण्याचा हट्ट मुलांनीं धरूं नये. पश्चिमेस मुरुडच्या वाटेवरचे डोंगर फणसाड अभयारण्याला जाऊन भिडतात. तेथें वनखात्याची परवानगी असल्याशिवाय शिरतां येत नाहीं. उरल्या त्या बैलगाडीच्या, गुराख्यांच्या व लांकूडफाटा आणणाऱ्यांच्या वाटा : दगडधोंडे, ओहोळ, मुळ्या, मध्येंच उभा उतार. अशा वाटेला मागची स्प्रिंग उपकारक आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यावांचून अडेल अशी ही वाट नाहीं. ताम्हिणीसारख्या डांबरी घाटावर तर ती निव्वळ ओझें होते.

आणखी एक स्प्रिंग प्रत्येक सायकलीला आहेच, आणि ती फुकट आहे. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसविली; ती धक्का कमी व्हावा म्हणूनच. आजच्या डोंगरी सायकलीचा टायर सव्वादोन इंच रुंद असतो. त्यांत रस्त्यावरच्या सायकलीसारखी दगडाइतकी टणक हवा न भरतां, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणें पंचवीस-तीस पौंड ठेविली, तर खडबडीत वाटेचा निम्मा त्रास तेथेंच जिरतो. पुष्कळांना ही साधी गोष्ट ठाऊक नसते आणि ते हवेऐवजीं पैशानें धक्का मऊ करूं पाहतात.

पैशांत काय मिळतें तें आतां स्पष्ट सांगतों. आज बाजारांत दहा ते वीस हजारांत दोन स्प्रिंगांच्या ज्या सायकली मिळतात त्या गल्लीसाठीं ठीक आहेत. चाळीस ते साठ हजारांत मागें ताठ सांगाड्याची, म्हणजे हार्डटेल, चांगली सायकल मिळते : तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, हवेच्या स्प्रिंगचा पुढचा चिमटा, ॲल्युमिनियमचा सांगाडा, वजन चौदा-पंधरा किलो. नामवंत कारखान्यांची खरी फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या पुढें जाते व पुष्कळदां दीड-दोन लाखांवर थांबते. सायकलींवरील जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आला आहे. दुकानदार जुनें दरपत्रक पुढें करील तर ही गोष्ट त्याच्या कानावर घालावी.

दुकानांत गेल्यावर चार गोष्टी हातानें पाहाव्या. पहिली : सीटवर जोर देऊन एकदम सोडावें. सीट सावकाश वर आली तर तेलाचें यंत्र काम करीत आहे. चेंडूसारखी उसळून दोन-तीनदां हलली तर केवळ वेटोळें आहे. दुसरी : एका हातानें सीट व दुसऱ्यानें मागचें चाक धरून आडवें हलवावें, सांध्यांत खडखड किंवा सैलपणा लागला तर सायकल तेथेंच ठेवून यावें. तिसरी : ब्रेकची मूठ एका बोटानें दाबून पाहावी. डोंगर उतरतांना दोन-दोन किलोमीटर ब्रेक धरून राहावें लागतें. चार बोटांनीं आवळावी लागणारी तारेची मूठ तेथें हाताला मुंग्या आणते. चौथी : सायकलीबरोबरचें सूचनापत्रक वाचावें. पुष्कळ कारखाने त्यांत ही सायकल कोणत्या वाटेसाठीं बनविली हें १ ते ५ अशा आंकड्यांनीं सांगतात. १ म्हणजे पक्का रस्ता, २ म्हणजे साधी खडीची वाट, ३ म्हणजे खरी खडबडीत डोंगरवाट. जिला ३ चा आंकडा नाहीं, तिला कितीही स्प्रिंगा असल्या तरी ती डोंगराची नव्हे. दिसण्यावरून ठरवूं नये. कारखानदारानें आपल्या हातानें काय लिहून दिलें आहे तें पाहावें.

वापरलेली फुल सस्पेन्शन सायकल घ्यावयाची झाली तर पारख आणखी कडक हवी. पुणें-मुंबईस अशा सायकली विकणारे पुष्कळ शौकीन भेटतात. नव्या सायकलीच्या निम्म्या किंमतीच्या आसपास सौदा होऊं शकतो, व त्यांत लबाडीच असते असें नाहीं. पुष्कळांचा उत्साह मावळलेला असतो. प्रथम मूळ पावती व सांगाड्यावर कोरलेला क्रमांक जुळवून पाहावा. चोरीचा माल आपल्या दारांत येतां कामा नये. नंतर सांगाडा पुसून, जोडांच्या जागीं केसाएवढी भेग आहे कीं काय, हें उजेडांत पाहावें. शॉकच्या व पुढच्या चिमट्याच्या चकचकीत दांड्यांवर नख फिरवावें. नख अडेल असा ओरखडा असेल तर तेथून तेल गळणार. हवेचा शॉक असेल तर त्यांत हवा भरून, दाब लिहून ठेवून, शक्य तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोजावा. शेवटीं शॉकची लांबी व त्याच्या दांड्याची चाल मिलिमीटरांत लिहून घ्यावी आणि त्या मापाचा नवा शॉक बाजारांत मिळतो कीं नाहीं याची चौकशी सौद्यापूर्वीं करावी. सव्वीस इंची चाकांच्या जुन्या सायकली स्वस्त मिळतात. परंतु त्यांचे चांगले टायर व चिमटे मिळणें दिवसेंदिवस अवघड होत आहे. साडेसत्तावीस किंवा एकोणतीस इंची चाकें असलेलीच पाहावी. स्प्रिंगची चाल पुढें-मागें १२० ते १४० मिलिमीटर असली कीं अष्टमीच्या वाटांना ती पुरून उरते. त्याहून अधिक चालीची सायकल उंच कड्यांवरून उड्या टाकणाऱ्यांची.

यापुढची गोष्ट एकत्र कुटुंबांतल्या लोकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. दुकानदार ती सांगत नाहीं. स्प्रिंग ही एका माणसाच्या वजनाची असते. घरांतली साधी सायकल सकाळीं काका बाजाराला नेतात, दुपारीं पुतण्या कॉलेजला; कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या तारेच्या स्प्रिंगवर अठ्ठ्याहत्तर किलोंचे काका नीट बसतात ती बावन्न किलोंच्या मुलाखालीं दबतच नाहीं, आणि मुलाला नेमकी बसणारी स्प्रिंग काकांच्या वजनानें तळाला टेकते. म्हणून जी सायकल घरांत दोघेतिघे वापरणार तिची स्प्रिंग तारेची नको, हवेची हवी. कारण हवा कमीजास्त करतां येते. त्यासाठीं लहान आंकडेदार शॉक पंप लागतो. टायर भरण्याच्या पंपानें तें काम होत नाहीं. मागच्या शॉकमध्यें वजनाच्या किलोंच्या सुमारें सव्वादोन पट पौंड हवा, हा प्रथमचा अदमास : बावन्न किलोंना ११७, अठ्ठ्याहत्तर किलोंना १७५. मग शांतपणें सीटवर बसावें आणि दांड्यावरची रबरी चकती किती सरकली तें मोजावें. दांड्याची चाल पन्नास मिलिमीटर असेल तर बसल्यावर तेरा ते पंधरा मिलिमीटर दबावी. अधिक दबली तर हवा वाढवावी, कमी दबली तर सोडावी. पुढच्या चिमट्याचे आंकडे कारखानदार पुष्कळदां चिमट्यावरच छापतो. ज्याचा त्याचा आंकडा ठरला कीं नांवानिशीं कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा. जो सायकल काढील त्यानें प्रथम आपली हवा करावी, मग उंबरठा ओलांडावा.

हवा बदलतां येते. सांगाड्याचें माप बदलतां येत नाहीं. पांच फूट दोन इंचांची ताई आणि पांच फूट नऊ इंचांचा भाऊ यांना एकच सांगाडा नीट बसणार नाहीं. दोघांत एकच सायकल घ्यावयाची असेल तर डोंगरांत जो अधिक जाणार त्याच्या मापाची घ्यावी, आणि हा अधिक जाणारा मुलगाच असेल असें गृहीत धरूं नये. ताई वीस वर्षांची आहे. तिला स्वतंत्र विचारावें. जोड मापाच्या सीमेवर असेल तर लहान सांगाडा घ्यावा. लहान सांगाड्याची सीट वर करतां येते, मोठा सांगाडा लहान करतां येत नाहीं.

आतां निगेविषयीं. आपल्या कोंकणांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरांत पाऊस पडतो. चिखल, दमट हवा आणि बारीक वाळू यांचा बेअरिंगवर जो परिणाम होतो तो विहिरीच्या रहाटावर कोणीही पाहिलेला असेल. खऱ्या फुल सस्पेन्शन सायकलीचा शॉक व चिमटा पन्नास तासांच्या फेरफटक्यानंतर उघडून पुसावा, तेल व रबरी कड्या पाहाव्या, असें कारखानदार सांगतात. आठवड्याला दोन तास धरले तर हें काम वर्षांतून दोनदां येतें. गांवचा मिस्त्री पंक्चर, चेन, ब्रेक हें उत्तम करील. परंतु शॉक उघडण्याची हत्यारें त्याच्यापाशीं बहुधा नसतात, आणि सुटा शॉक पुणें-मुंबईस पाठवावा लागतो. पावसाळ्यांत सायकल बाहेर नेली तर घरीं आल्यावर जोराच्या फवाऱ्यानें धुवूं नये, त्यानें पाणी बेअरिंगांत शिरतें. तांब्यानें पाणी ओतून, फडक्यानें पुसून, चेनला तेल द्यावें. हार्डटेलला मागें हें सांध्यांचें लचांड नाहींच, म्हणून निगा निम्म्यानें कमी. घरांत कोणाला पाना हातीं घेण्याची आवड नसेल, तर प्रश्न येथेंच संपला : हार्डटेल घ्यावी.

सत्तर हजारांची वांटणी आम्ही अशी करूं. नवी हार्डटेल घेतल्यास पन्नास हजार सायकलीचे. चार हजार दोघांच्या मापाच्या दोन हेल्मेटांचे. चार हजार शॉक पंप, पाने, जादा ट्यूबा व दिव्याचे. आठ हजार पहिल्या वर्षाच्या निगेचे. चार हजार शिल्लक. वापरलेली फुल सस्पेन्शन घेतल्यास पंचावन्न हजारांपुढें जाऊं नये. अकरा हजार लगेच बेअरिंग व शॉक उघडून नीट करण्यासाठीं ठेवावे, आणि उरलेले चार हेल्मेटांचे. पंप व पाने यांचे मात्र वेगळे पाहावे लागतील. या दुसऱ्या मार्गानें जाणाऱ्यानें ते अकरा हजार सायकलीच्याच किंमतीचा भाग समजावे. पुष्कळ घरांत सायकल येते, निगेचे पैसे संपलेले असतात, आणि वर्षभरांत ती माळ्यावर जाते.

अष्टमीच्या गृहस्थांना आमचें सांगणें असें. मुलाची दोन सायकलींची कल्पना मनानें चांगली आहे, कारण तींत बहिणीचा विचार आहे. पण दोन वाईट सायकलींपेक्षां एक चांगली सायकल दोघांनीं पाळीनें वापरावी. पाळी वारानें ठरवावी, म्हणजे तंटा राहणार नाहीं. आजोबांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे : बाजाराला जाण्यासाठीं सायकल ती सायकलच, आणि त्यासाठीं घरची जुनी पुरेशी आहे. परंतु उताराची गोष्ट वेगळी. तेथें ब्रेकवर वांचविलेला रुपया हाडवैद्याच्या घरीं जातो. खरेदी दिवाळीनंतर करावी. भात कापलेलें असेल, वाटा कोरड्या असतील, आणि पाऊस येईपर्यंत सहा महिने हात बसवावयास मिळतील. तेवढ्या काळांत मुलें दर आठवड्यास डोंगरांत जातात कीं दोन महिन्यांतच कंटाळतात, हें घरालाही कळेल. जात राहिलीं, आणि पाना धरण्यास शिकलीं, तर मागच्या स्प्रिंगसाठीं पुढें पैसे सांठवावे. ते वाया जाणार नाहींत.